आधी कपाट उघडा

पुण्यात घरसजावटीचं काम करणारी ती पहिल्या भेटीत मोजपट्टी काढत नाही. चहा झाला की विचारते, "तुमचं साड्यांचं कपाट दाखवता का?" घरची मंडळी जरा गोंधळतात. कुणी फर्निचरच्या चित्रांचा गठ्ठा तयार ठेवलेला असतो, कुणी फोनवर साठवलेले फोटो दाखवायला उत्सुक असतं. ते सगळं ती नंतर बघते, नीट बघते. पण आधी कपाट. साड्या, ओढण्या, शाली, जुन्या चादरी. मग माळ्यावरचं घंगाळ, देवघरातल्या समया, कोपऱ्यात उभे करून ठेवलेले पाट. या घरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या नजरेनं काय निवडलं, ते तिथे असतं.

कोथरूडच्या एका काकूंना हॉटेलच्या लॉबीसारखी बैठक हवी होती. राखाडी सोफा, पांढऱ्या भिंती, काचेचं टीपॉय. कपाट उघडलं तर आत गडद हिरवी, आमसुली, विटकरी, काळी इरकलं एकावर एक रचलेली. राखाडी एकही नाही.

"काकू, ही सगळी तुम्हीच घेतलीत ना?"

"नाही तर कोण? सोलापुरात होतो तेव्हा दर दिवाळीला एक घ्यायचे. दुकानदार माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा."

ज्या बाईनं उभ्या आयुष्यात राखाडी रंगाला हात लावला नाही, तिनं निवृत्तीनंतरच्या संध्याकाळी राखाडी सोफ्यावर का घालवायच्या, या प्रश्नावर मग काकू, काका आणि ती असे तिघंही बराच वेळ बोलत बसले. काकूंची निवड कच्ची होती असं नाही. ती पक्कीच होती, फक्त साडीच्या दुकानात केलेली निवड घराच्या भिंतीलाही लागू पडते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या बैठकीचा आराखडा अखेर एका मोरपंखी इरकलावरून निघाला. इरकल नीट पाहण्यासारखं असतं. अंग सुती, पदर रेशमी, आणि काठाचा रंग पदराशी जुळलेला. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात इलकल नावाचं गाव आहे, तिथल्या खड्डामागावर ही साडी विणली जाते. अंगाचा ताणा वेगळा लावतात, पदराचा वेगळा, आणि दोन्हींचे धागे फासात फास अडकवून जोडतात. या जोडणीला टोप-टेनी म्हणतात. ताण्याची ही सगळी खटपट साडीगणिक करावी लागते. लाल पदरावरच्या पांढऱ्या नक्षीकडे आपलं लक्ष जातं, पण साडीला एकसंध ठेवतो तो काठ. पदराचाच रंग घेऊन तो पायापर्यंत उतरतो, म्हणून एवढा भडक पदरही उपरा वाटत नाही.

तिनं खोलीची मांडणी याच हिशेबानं केली. मोठा पसारा शांत, अंगासारखा. कडेनं एक अरुंद, ठाम रंग. आणि पदर एकाच जागी, दारातून आत आल्यावर नजर जिथे पहिल्यांदा टेकते तिथे. काकूंच्या घरी ती जागा खिडकीशेजारच्या भिंतीची निघाली. तिथे एक लाल आरामखुर्ची आली, आणि तोच लाल रंग पडद्यांच्या कडांना आणि पुस्तकांच्या फळ्यांच्या दर्शनी पट्टीला बारीक रेघेसारखा फिरला. दुसऱ्या भिंतीवरही काहीतरी लाल टांगावं असं काकांना वाटत होतं. "काका, साडीला पदर एकच," असं ती म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला.

रंगाच्या बाबतीत ती फार चिकट आहे. साडीचा रंग जसाच्या तसा भिंतीवर उतरवता येत नाही, हे ती प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा समजावते. धूपछाव साडी घ्या. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. बाई चालली की निऱ्या हलतात आणि कधी हा रंग वर येतो, कधी तो. भिंत हलत नाही. दुकानातल्या रंगाच्या कार्डावर त्या साडीशी "जुळणारा" म्हणून जो रंग सापडतो तो दोन्ही धाग्यांची सरासरी असतो, आणि भिंतीवर तो मातकट दिसतो. म्हणून ती पिशवीत एक भिंग ठेवते. साडी खिडकीशी धरून दोन्ही धागे वेगळे पाहायचे. त्यातला फिका रंग, तोही एक-दोन छटा आणखी उजळ करून, भिंतीला. गडद रंग उशांच्या अभ्र्यांना, सतरंजीला, कापडाला, कारण कापडाला घड्या पडतात आणि घडीत सावली असते. शिवाय रंगाचा हातभर पट्टा आधी भिंतीवर मारून ठेवायचा आणि तो सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्यात असा तिन्ही वेळा पाहायचा. पश्चिमेच्या खिडकीची खोली संध्याकाळी इतकी तांबूस होते की सकाळी आवडलेला अबोली रंग तिथे सहाच्या सुमारास शेंदरी वाटायला लागतो.

हे सगळं तिला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. सुरुवातीची काही वर्षं ती मुंबईत बांधकाम व्यावसायिकांचे नमुना फ्लॅट सजवण्याच्या कामावर होती. तिथे पलंगसुद्धा जरा आखूड करून घेत, म्हणजे खोली मोठी दिसते. कपाटांना आत खोली नसे, कारण त्यांत कुणी काही ठेवणार नव्हतं. सुतारकामातली अचूकता, दिव्याचा कोन, प्लायवूडची प्रत ओळखणं हे ती तिथेच शिकली आणि त्याबद्दल आजही कृतज्ञतेनं बोलते. पण तिथल्या खोल्यांत कुणी राहत नसे. कुठल्याही गावच्या, कुठल्याही माणसाला चालेल असा एकच फिका तपकिरी रंग सगळीकडे. आपण ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं आपल्याला कधी दिसतच नाहीत, ही बोच तिला पुण्याला घेऊन आली.

इथे तिला एक शाळा सापडली, बाजीराव रस्त्यावर. राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे. त्यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावानं हा संग्रह उभा केला आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. राजेरजवाड्यांची शस्त्रं तिथे आहेत, पण केळकरांचा जीव अडकला तो रोजच्या वापरातल्या वस्तूंत: अडकित्ते, दिवे, फण्या, विळ्या, पानाचे डबे, दौती, दारांच्या चौकटी. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना ती पहिल्याच आठवड्यात तिथे नेते आणि एकाच कपाटासमोर उभं करते, अडकित्त्यांच्या. सुपारी कातरणं हे एकच काम. त्यासाठी एक पातं, दोन दांडे आणि एक खीळ लागते. एवढ्या बंधनात कारागिरांनी मोर बसवला, घोडा बसवला, आलिंगन देणारं जोडपंही बसवलं, आणि तरी पकड हाताला रुतत नाही. "यातला मोर काढून टाकला तर अडकित्ता चालेल का?" असं ती मुलांना विचारते. चालेल. "आणि पकड काढली तर?" मग मुलं मोराची मान दांड्याच्या वळणात कशी मिसळली आहे ते स्वतःहून पाहायला लागतात. तिच्या मते अंतर्गत सजावटीचा निम्मा अभ्यासक्रम त्या एका कपाटात आहे.

काम करताना ती सर्वांत हळवी होते ती जुन्या फरश्यांपाशी. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका घराचं नूतनीकरण चालू होतं. आधीच्या पिढीनं कधीतरी जमिनीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून घेतल्या होत्या. न्हाणीघराजवळचा एक कोपरा उकरला तेव्हा खाली हिरव्या-काळ्या-पिवळट भौमितिक नक्षीची सिमेंटची फरशी निघाली. घरातल्या आजी काठी टेकत आल्या, खाली बघून म्हणाल्या, "अगं, ही तर आमची! हिच्यावर मी सागरगोटे खेळले आहे."

या फरश्यांमागे मोठा इतिहास आहे. अशा फरश्या पूर्वी युरोपातून येत. स्वदेशीच्या काळात, 1922 मध्ये, फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी काढली आणि इथल्या सिमेंटच्या फरश्या परदेशी मालाच्या तोडीच्या करून दाखवल्या. मुंबईच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या त्या अशाच फरश्यांवर. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या काठच्या त्या इमारतींना, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह, 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. दादर-माटुंग्याची घरं त्या यादीत नाहीत, पण काळ तोच आणि हौसही तीच.

फरशी घडते कशी, हे ती घरमालकांना मुद्दाम सांगते, कारण ते कळलं की माणसं ती फोडायला धजावत नाहीत. लोखंडी साच्यात नक्षीच्या आकाराची पितळी जाळी ठेवतात. जाळीच्या एकेका कप्प्यात रंग कालवलेलं पातळ सिमेंट हातानं ओततात. मग जाळी अलगद उचलायची. रंग शेजारच्या रंगात घुसता कामा नये. वरून कोरडं सिमेंट आणि वाळू पसरून ते दाबयंत्राखाली दाबतात. भट्टी नाही, भाजणं नाही. नंतर पाण्यात मुरवतात आणि सिमेंट आपलं आपण कठीण होतं. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून पिढ्यांच्या पावलांनी फरशी झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. तिचा शत्रू एकच, ॲसिड. फरशी "लख्ख" करायला म्हणून लोक ते ओततात आणि ते सिमेंटच खाऊन टाकतं. दादरच्या घरात तिनं वरच्या टाइल्स छिन्नीनं हळूहळू सोडवून घेतल्या, साध्या साबणाच्या पाण्यानं फरशी धुतली आणि दगडानं घासून घेतली. जिथे तुटली होती तिथे नक्कल बसवली नाही, साधी एकरंगी काळी फरशी घातली. नव्याला जुन्याचं सोंग देऊ नये, असं तिचं मत आहे आणि ते तिनं तिथे रेटून नेलं. फरशीच एवढी बोलकी निघाल्यावर भिंतींवर काही करायचं उरलं नाही. त्या पांढऱ्या ठेवल्या.

कोकणातली मंदिरं पाहताना तिला कावीचं काम भेटलं. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा रंग वर आणायचा. दोनच रंग, पण भिंत भरून पावते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी घ्यायला गेली तेव्हा राजवाड्यात दशावतारी गंजिफा रंगवताना पाहता आल्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, असे 120 गोल पत्ते. लहान मुलाच्या खोलीसाठी रंगांची जुळणी तिनं तिथून उचलली. पण तिचं जाणं-येणं खरं आहे ते कसब्यातल्या तांबट आळीत.

पेशवाईत कोकणातून आलेली तांबट मंडळी इथे वसली. आजही आळीत शिरताना आधी आवाज येतो, मग दुकान दिसतं. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो, मग त्याला ठोकून आकार देता येतो. आकार झाला तरी भांडं अजून लेचंपेचं असतं. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एका ओळीत, एकसारख्या अंतरानं ठोके देतात, ते मठारकाम. भांड्यावर चमकणाऱ्या त्या टिकल्या आपण नक्षी समजतो. मुळात त्या ठोक्यांनी धातू पुन्हा कडक होतो, भांड्याला बळ येतं. सौंदर्य आणि ताकद एकाच ठोक्यात येते, आणि हे पाहिल्यापासून ती कुठल्याही वस्तूवरच्या नक्षीला पहिला प्रश्न विचारते: तू इथे काय काम करतेस?

जेवणाच्या टेबलावर टांगायला दिव्याची झाकणं करून हवी होती, म्हणून ती आळीतल्या एका ज्येष्ठ कारागिराकडे बसली. कागदावर काढलेला आकार त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला. "ताई, हा आकार पत्र्याला नको आहे. पत्रा बंबाच्या बुडासारखा वळतो, तसा वळू द्या." त्यांनी बंबाचं बूड दाखवलं, तिनं त्यातलं वळण घेतलं. मठार आतल्या बाजूला ठेवायचं असं दोघांनी मिळून ठरवलं, त्यामुळे दिवा लावला की प्रकाश प्रत्येक ठोक्यावर मोडतो आणि टेबलावर मऊ पसरतो. मजुरीचा मुद्दा निघाला तेव्हा तिनं वजनावर भाव करायला नकार दिला. भांडी वजनावर विकली जातात, तो बाजाराचा रिवाज आहे. पण मठार जितकं बारीक तितका वेळ जास्त, आणि वजन तेवढंच. तिनं हिशेब दिवसांवर केला आणि ग्राहकाला दिलेल्या बिलात तांब्याचा पैसा वेगळा आणि हाताचा पैसा वेगळा दाखवला. ग्राहकांनी तो पहिल्यांदाच असा वेगळा पाहिला होता. कुणी घासाघीस केली नाही.

तिच्या कामात कपड्यांचा आणि घराचा कप्पा वेगळा नाहीच. खणाचं उदाहरण ती नेहमी देते. गुळेदगुड्डचा खण हे चोळीचं कापड, पन्ह्याला अरुंद, त्रिकोणी घडीत विकलं जाणारं. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या आल्या, मग डायऱ्या, पिशव्या, पडदे, लग्नातल्या खुर्च्यांच्या खोळी. खणाचं कापड घराघरांत पुन्हा दिसू लागलं याचा तिला आनंद आहे. त्यातलं बरंचसं यंत्रमागावरचं पॉलिएस्टर आहे, याचं तितकंच दुःख. ती खण वापरते तेव्हा त्याची अरुंदी लपवत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला जोड काठावर काठ ठेवून उघड दिसू देते, आणि तो जोडच पडद्याची उभी रेघ होतो. चोळीचे तुकडे शिवणाऱ्या जुन्या शिंपिणींना ही युक्ती ठाऊक होती. तिनं ती एका वयस्क शिंपिणीकडूनच घेतली.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन सप्ताहात प्राडानं पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेख कुठे नव्हता. इकडे टीकेचं मोहोळ उठलं, आणि कंपनीनं भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे. तिच्या स्टुडिओत या विषयावर दिवसभर वाद रंगला. एक मुलगी तावातावानं म्हणाली, "त्यांनी चोरलं." तिनं विचारलं, "आपण मागच्या वर्षी त्या रेस्टॉरंटच्या भिंतीवर वाकळ लावली. शिवणाऱ्या बायकांचं नाव कुठे आहे?" कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून कामाच्या कागदावर एक रकाना वाढला आहे: वस्तू कुठल्या गावची, कुणाच्या हातची. घर पूर्ण झालं की तो कागद घरमालकाला देतात. मासिकात फोटो छापायला दिले तर तोही सोबत जातो, आणि छापायचा नसेल तर फोटोही परत येतात.

सध्या तिच्या हाती हिंजवडीतलं भाड्याचं घर आहे. दोघं तरुण, दोघंही संगणकावर काम करणारे, हातात पैसे बेताचे. मालकाची अट: भिंतीला खिळा नाही, रंगाला हात नाही. अशी कामं तिला मनापासून आवडतात, कारण त्यांत लपायला जागा नसते. तिनं त्यांना आधी दोन महिने नुसतं राहायला सांगितलं. काही विकत घ्यायचं नाही, फक्त आपण कुठे बसतो ते पाहायचं. दोघंही जेवायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी जमिनीवर बसतात आणि बैठकीच्या खोलीत कुणी फिरकतच नाही, असं निघालं. तेव्हा सोफा यादीतून गेला. खिडकीशी कमी उंचीचं सागवानी टेबल आलं, जुन्या बाजारातून घेऊन पॉलिश केलेलं. बसायला गाद्या, त्यांवर सोलापुरी चादरी. नक्षी विणीतच असल्यामुळे दोन्ही बाजूंनी दिसते, रंग तेवढे उलटे होतात. दर पंधरा दिवसांनी चादर उलटायची, म्हणजे तेवढ्याच पैशात खोली बदलते.

छताला पंख्याचा एक हूक रिकामा होता. त्याला दिवा टांगायला मालकानं परवानगी दिली आहे आणि झाकण तांबट आळीत ठोकलं जातंय. मुलाची आई पुढच्या महिन्यात लातूरहून येणार आहे, येताना जुन्या सुती साड्या आणणार आहे. गोधडी पलंगापुरती करायची की गाद्यांनाही पुरेल एवढी, यावर माय-लेकांचं अजून एकमत झालेलं नाही. आई मोठीच्या बाजूनं आहे, आणि तीही.